चौतिसाचे बेचाळीस

‘ओव्हरक्लॉकिंग’ हा शब्द आमच्या घरात प्रथम उच्चारला गेला तो २०१९ सालच्या मे महिन्यात, एका शनिवारी, ऐन जेवताना. सौ. ने आमरसाची वाटी पुढे सरकवीत लगेच विचारले, ‘‘म्हणजे घड्याळ पुढे करणं ना? मग आपलं स्वयंपाकघरातलं दहा मिनिटं पुढे आहेच की!’’ आमचे चिरंजीव ओंकार हसले. पण खरे सांगायचे तर तिचे म्हणणे अगदीच वावगे नव्हते.

संगणकाच्या मदरबोर्डावर एक मूळ ठोका चालू असतो. आमच्या यंत्रात तो सेकंदाला दहा कोटी वेळा पडतो. प्रोसेसर त्या ठोक्याला एका आकड्याने गुणतो, आणि जो वेग येईल त्या वेगाने बेरजा-वजाबाक्या करीत सुटतो. ओंकारचा प्रोसेसर इंटेलचा, २०११ साली बाजारात आलेला, चार कोअरांचा ‘आय फाइव्ह २५०० के’. त्याचा कारखान्याने ठरवून दिलेला गुणक तेहतीस. चारही कोअर कामाला लागले तर तो आपण होऊन चौतीस करतो. म्हणजे सेकंदाला तीनशे चाळीस कोटी ठोके. नावापुढचा तो ‘के’ महत्त्वाचा. तो असला म्हणजे गुणकाला कुलूप नाही. मदरबोर्ड त्या योग्यतेचा असेल तर हवा तो आकडा घाला आणि आपल्या जबाबदारीवर चालवा. असल्या उद्योगाला म्हणतात ओव्हरक्लॉकिंग.

आता हा उद्योग कशासाठी, तर हौसेसाठी नव्हे. चिरंजीवांनी ॲनिमेशनचा अभ्यासक्रम पुरा केला होता आणि त्यांना आयुष्यातले पहिले पैसे देणारे काम मिळाले होते. शंभर सेकंदांची एक चित्रफीत. शंभर सेकंद म्हणजे काय, चहा गाळायला लागतो तेवढा वेळ! पण सेकंदाला चोवीस चित्रे या हिशेबाने ती चोवीसशे चित्रे होतात, आणि एकेक चित्र छायाप्रकाशासह रंगवून काढायला त्या यंत्राला सहा मिनिटे लागत होती. गुणाकार मीच पाठकोऱ्या कागदावर करून दाखवला : चौदा हजार चारशे मिनिटे, म्हणजे दोनशे चाळीस तास, म्हणजे अहोरात्र दहा दिवस. काम द्यायचे होते ३१ मेच्या संध्याकाळी सहाला. दोन प्रसंगांची दुरुस्ती आटोपून यंत्र सुरू करता येणार होते २३ मेच्या सकाळी दहाला. हातात उरत होते बरोबर दोनशे तास. चाळीस तास कमी पडत होते.

नवा संगणक घेण्याइतके पैसे ओंकारजवळ नव्हते, आणि माझ्याकडे मागायचे नाहीत हा त्याचा निश्चय होता. त्यामागे थोडा इतिहास आहे. एका सहकारी पतपेढीत माझ्या ओळखीने त्याच्यासाठी जागा धरून ठेवलेली होती, आणि जूनच्या एक तारखेला होय की नाही ते कळवायचे होते. घरात त्यावर वाद होत नसे. वाद होत नाही असे विषयच घरात जड असतात, हे वाचकांना मी सांगायला नको.

चौतिसाला दोनशे चाळीस तास, तर दोनशे तासांना किती? त्रैराशिक सोपे आहे. उत्तर येते एक्केचाळीसच्या किंचित खाली. म्हणजे गुणक निदान एक्केचाळीस हवा. थोडी सवड धरली तर बेचाळीस. ओंकारने पहिल्याच दिवशी पंचेचाळीस घातला. तरुण रक्त! चाळीस मिनिटे यंत्र सुरेख चालले आणि मग पडदा निळा झाला. रात्री त्याने जिद्दीने अठ्ठेचाळीस घातला. तेव्हा मात्र पडदा काळाच राहिला. पंखे फिरताहेत, दिवा लागला आहे आणि आत कोणी नाही, अशी ती अवस्था. सौ. ने देव पाण्यात ठेवायचेच काय ते बाकी राहिले होते.

योगायोगाने त्याच दिवशी डोंबिवलीहून माझे थोरले बंधू हापूसची पेटी घेऊन आले होते. दादाने परळच्या रेल्वे वर्कशॉपात फिटर म्हणून उभी हयात घालवली. संगणकाशी त्याचा संबंध मोबाइलवर नातवंडांचे फोटो पाहण्यापुरता. पण यंत्र बंद पडले आहे असे कळल्यावर स्वस्थ बसेल तो दादा कसला!

‘‘आधी काय बदललंस?’’ त्याने विचारले.

‘‘गुणक वाढवला, काका. आणि मेमरीचा वेगही. आणि व्होल्टेज बोर्डावरच सोडलं होतं, ते त्यानं काय केलं माहीत नाही.’’

‘‘म्हणजे एकदम तीन. मग बिघडलं ते कशानं, हे ब्रह्मदेवाला तरी कळेल का? मला एक वही दे.’’

पहिले काम यंत्राला शुद्धीवर आणण्याचे. मदरबोर्डावर रुपयाएवढी एक चपटी बॅटरी असते. वीज बंद असतानाही ती सेटिंगांची आठवण जिवंत ठेवते. मुख्य प्लग काढून ती बॅटरी थोडा वेळ बाहेर ठेवली की बोर्ड सगळे विसरतो आणि कारखान्यातून आला तसा जागा होतो. तसा तो झाला. माणसालाही अशी एखादी बॅटरी असती तर बरे झाले असते, असे सौ. म्हणाली ते बहुधा मला उद्देशून असावे.

हा नाद काही आजचा नाही. आयबीएमचा ‘एटी’ संगणक १९८४ साली निघाला. त्याचा वेग होता सहा मेगाहर्ट्‌झ. लोकांनी त्यातला बारा मेगाहर्ट्‌झचा स्फटिक उपटून सोळाचा बसवला आणि तोच संगणक आठाने पळवला. कंपनीला पुढे वेग तपासणारी तजवीज त्यात घालावी लागली. १९९८ साली इंटेलचा ‘सेलेरॉन ३०० ए’ आला. त्याचा गुणक साडेचार, आणि तो पक्का. पण मूळ ठोका सहासष्टाऐवजी शंभर केला की तीनशेचा साडेचारशे होई. स्वस्तातला माल महागाच्या पंगतीत जाऊन बसे! आणि २०११ साली तर एएमडीच्या एका प्रोसेसराला द्रवरूप हेलियमने गारठवून थोड्या वेळापुरते ८.४२९ गिगाहर्ट्‌झपर्यंत पळवले गेले. आमच्या घरात हेलियम नव्हते. मे महिन्याचा ठाण्याचा उकाडा होता, आणि छताला एक पंखा.

मर्यादा येते कशाने, ते मला ओंकारने समजावून दिले आणि मी ते दादाला. प्रत्येक ठोक्याला आतल्या सूक्ष्म कळांना आपली स्थिती बदलून पुढचा ठोका पडायच्या आत स्थिर व्हावे लागते. सेकंदाला चारशे वीस कोटी ठोके म्हणजे एका ठोक्याचा अवकाश इतका की, त्यात प्रकाशसुद्धा सात सेंटिमीटरच जातो. कळा वेळेत स्थिर झाल्या नाहीत तर उत्तर चुकते. त्यांना लवकर हलवायचे तर व्होल्टेज वाढवावे लागते. पण उष्णता वाढते ती वेगाच्या प्रमाणात आणि शिवाय व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. वेग चौतिसाचा पंचेचाळीस केला आणि त्यासाठी व्होल्टेज १.२ चे १.३५ केले, तर काम वाढते एक तृतीयांशाने आणि उष्णता मात्र दोन तृतीयांशाने. आणि कळा तापल्या म्हणजे पुन्हा संथ होतात! हा व्यवहार सावकारी कर्जासारखा आहे; काही हप्त्यांनंतर नुसते व्याजच भरत राहावे लागते.

‘‘वाफेच्या इंजिनाचं तसंच,’’ दादा म्हणाला. ‘‘सेफ्टी व्हॉल्व्ह दाबून बांधला तर प्रेशर मिळेल. पुढचं मिळेल ते सांगायला तू नसशील.’’

वहीत दादाने स्तंभ आखले : वेळ, गुणक, व्होल्टेज, प्रोसेसरचे तापमान, खोलीचे तापमान, निकाल. आणि कायदा केला, की एका खेपेला एकच गोष्ट बदलायची. दिवसा ओंकारची चित्रे, रात्री यंत्राची परीक्षा.

पहिल्या रात्री मेमरीला नेहमीच्या वेगावर आणून एकटी तिचीच तपासणी चालू ठेवली. सकाळी एकही चूक नव्हती. एक आरोपी सुटला. रविवारी यंत्र उघडले. प्रोसेसरवरच्या थंडकाच्या पात्यांत धुळीचा असा नमदा बसला होता की, सौ. ने तो पाहून आमच्या मोलकरणीची बिनशर्त माफी मागावी! थंडक चार खुंट्यांवर बसतो. त्यातली एक खुंटी अर्धवट सुटलेली होती. मधला लेप वाळून खडू झाला होता. ओंकारने रंगाऱ्याच्या मऊ कुंचल्याने धूळ काढली, वाटाण्याएवढा नवा लेप लावला, खुंटी बसवली. तापमान आठ अंशांनी उतरले. तरीही बेचाळीसवर पूर्ण कामाला ते नव्वदीच्या आसपास घोटाळत होते, आणि शंभराच्या जवळ गेले की असा प्रोसेसर आपला वेग आपणच आवरतो.

सोमवारी काका-पुतणे लॅमिंग्टन रोडला गेले. या रस्त्याचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण त्या नावाने तिथला दुकानदारसुद्धा रस्ता सांगणार नाही. तिथून त्यांनी दोन हजारांच्या आतला एक उंच, मनोऱ्यासारखा थंडक आणला. तो बसवल्यावर तापमान अडुसष्ट! घरात पेढे वाटायचेच राहिले.

आणि मग सुरू झाली खरी गंमत. यंत्र बंद पडत नव्हते, पडदा निळा होत नव्हता, तापमान उत्तम होते. पण अर्ध्या तासाने गुणक बेचाळीसवरून धाडकन सोळावर येई. मिनिटभराने पुन्हा बेचाळीस, पुन्हा सोळा. धावणाऱ्या माणसाने मध्येच खाली बसावे, उठावे, पुन्हा बसावे, तसे. ओंकार रात्री एक वाजता डोके धरून बसला. रोग जाऊन उपचाराचाच रोग झाला होता.

दादा काही बोलला नाही. त्याने जुना थंडक हातात घेतला, त्याचा पंखा बोटाने फिरवला आणि म्हणाला, ‘‘याचा वारा कुठं जायचा?’’

‘‘खाली. बोर्डावर.’’

‘‘आणि नव्याचा?’’

‘‘आडवा. मागच्या बाजूला.’’

‘‘मग खाली कोण उपाशी राहिलं ते बघ.’’

प्रोसेसरच्या शेजारी काही काळ्या चौकोनी तुकड्यांची आणि गोट्यांची रांग असते. वीजपुरवठा बारा व्होल्टने येतो. त्याचे सव्वा व्होल्ट करून प्रोसेसरला भरवण्याचे काम या रांगेचे. प्रोसेसर जितका राबतो तितका करंट या तुकड्यांतून जातो आणि तेही तापतात. चांगल्या बोर्डांवर त्यांच्या डोक्यावर धातूची पाती असतात. आमच्या बोर्डावर ती बनवणाऱ्याने वाचवली होती. त्याचे नाव मी घेत नाही. दिवाळीच्या दिवसांत कशाला? आतापर्यंत जुन्या थंडकाचा वारा जाता जाता त्या रांगेला मिळत होता. नवा थंडक बसला, प्रोसेसर सुखी झाला, आणि ही मंडळी तापून तापून बोर्डाला सांगू लागली की, आता आवरा. बोर्ड मग प्रोसेसरला सोळावर बसवी. दादाने बोट न टेकवता नुसता तळहात जवळ नेला आणि लगेच मागे घेतला.

सौ. च्या खोलीतला टेबलफॅन आणून यंत्राच्या उघड्या कुशीकडे तोंड करून लावला. दोन मिनिटांत गुणक बेचाळीसवर आला आणि तिथेच राहिला. दुसऱ्या दिवशी एक छोटा पंखा त्या रांगेवर झुकवून पक्का केला तेव्हाच टेबलफॅन परत मिळाला. ‘‘भावोजी, तुमचं यंत्र गार झालं, मी शिजले,’’ एवढेच सौ. म्हणाली.

मंगळवारी आणखी एक गोम निघाली. व्होल्टेज १.३० लावले असताना काम सुरू होताच ते १.२४ वर घसरे. आमच्या सोसायटीचा पाण्याचा पंप सुरू झाला की जिन्यातले दिवे मंद होतात, तोच प्रकार. ही घसरण बोर्डात मुद्दाम ठेवलेली असते; ती भरून काढण्याची सोयही सेटिंगांत असते. पण ती शेवटच्या पायरीपर्यंत ताणली तर काम थांबण्याच्या क्षणी व्होल्टेज उलट उसळी मारते आणि ती उसळी प्रोसेसरला मानवत नाही. ओंकारने एक पायरी चढवली आणि थांबला. पाच दिवसांपूर्वी तो थांबला नसता, हे मला जाणवले.

उरली खरी परीक्षा. त्यासाठी ‘प्राइम ९५’ नावाचा कार्यक्रम वापरतात. मुळात तो अवाढव्य मूळ संख्या शोधण्यासाठी १९९६ सालापासून जगभर हजारो संगणकांवर चालणाऱ्या एका उपक्रमाचा. हिशेब इतका कसून करतो, आणि स्वतःचे उत्तर स्वतः तपासतो, की प्रोसेसरने कुठे किंचित लबाडी केली तर पकडतो. गुणक चव्वेचाळीस असताना तीन तासांनी एक कोअर थांबला. पडद्यावर ओळ होती : आकडा पूर्ण करताना उरलेला फरक ०.५ आला, तो ०.४ हून कमी हवा होता. एवढेच. यंत्र चालू, पंखे चालू, बाकीचे तीन कोअर कामात गर्क. मला ही गोष्ट निळ्या पडद्याहून भयंकर वाटली. निळा पडदा निदान सांगून येतो. हे यंत्र मात्र शांतपणे खोटे बोलत होते, आणि तपासणारा नसता तर ते खोटे चोवीसशे चित्रांत कुठेतरी काळा ठिपका होऊन बसले असते.

त्रेचाळीस रात्रभर टिकला. ओंकारचा चेहरा उजळला. दादाने वहीत निकाल लिहिला नाही. ‘‘दुपार होऊ दे,’’ तो म्हणाला. पहाटे खोलीत अठ्ठावीस अंश होते. दुपारी एकला पस्तीस झाले, आणि एक वाजून वीस मिनिटांनी त्रेचाळीसही चुकला. खोली जितकी तापते तितके आतलेही तापमान चढते, हे उघड आहे. तरी थंडीच्या दिवसांत ठरवलेला वेग उन्हाळ्यात का टिकत नाही म्हणून कपाळाला हात लावणारे कितीतरी असतील.

‘‘दुसऱ्या कुणाचा हाच प्रोसेसर पंचेचाळीसला सहज चालतो, काका. असं कसं?’’

दादाने पेटीकडे बोट दाखवले. ‘‘एका झाडाचे, एका दिवशी उतरवलेले. सगळे एकदम पिकले का?’’

खरोखर तसेच असते. एकाच चकतीवर घडलेल्या दोन प्रोसेसरांतही सारखेपणा नसतो. कारखाना सर्वांत मंद असेल त्यालाही झेपेल असा आकडा वर छापतो. त्याच्या वर कुणात किती उरले आहे ते ज्याचे त्याला शोधावे लागते.

बेचाळीस बुधवारी दुपारी तीनला सुरू केला. गुरुवारी सकाळी नऊपर्यंत, अठरा तास, एकही चूक नाही. व्होल्टेज १.२६, तापमान सत्तर. २३ मे २०१९. त्या दिवशी लोकसभेच्या मतांची मोजणी होती आणि सगळी इमारत दूरदर्शन संचांपुढे बसलेली. आमच्या घरात मात्र तिघेजण दुसऱ्याच खोलीत एका आकड्याकडे पाहत होते. दहाला पहिले चित्र सुरू झाले. ते चार मिनिटे बावन्न सेकंदांत पुरे झाले. दादाने वहीत गुणाकार केला : एकशे चौऱ्याण्णव तास आणि वर चाळीस मिनिटे. पाच तास वीस मिनिटांची सवड.

पुढचे आठ दिवस आमच्या घरात इस्त्री लागली नाही, मिक्सर फिरला नाही आणि त्या खोलीचे दार कोणी आपटले नाही. २७ तारखेला वीज गेली. अर्धे चित्र फुकट गेले आणि पस्तीस मिनिटे. पुढे पुन्हा सुरू. रात्री मला जाग आली की, पंख्याचा आवाज येतो का ते ऐकायचे आणि कूस बदलायची. एकदा उठून पाहिले तर ओंकार यंत्राशेजारी सतरंजीवर झोपलेला, आणि दादा खुर्चीत बसून बॅटरीच्या उजेडात तापमान लिहितो आहे. मी परत येऊन पडलो. पतपेढीचे पत्र माझ्या टेबलाच्या खणात होते.

३१ तारखेला दुपारी सव्वा वाजता शेवटचे चित्र झाले. ओंकारने सगळी चित्रे एकदा डोळ्यांखालून घातली. दोन तास लागले. साडेतीनला फीत रवाना झाली. यंत्राचा गुणक त्याने त्याच संध्याकाळी पुन्हा चौतीसवर आणला, कोणी न सांगता.

पैसे तीन महिन्यांनी आले. अशा कामांचे ते तसेच येतात म्हणे. पतपेढीला मात्र मी दुसऱ्याच दिवशी नकार कळवला. ओंकारला विचारले नाही, त्यानेही विचारले नाही. आता तो पुण्याला एका चित्रनिर्मिती कंपनीत आहे आणि त्याचे जुने यंत्र माझ्याकडे आहे. मी त्यावर पत्रे लिहितो. हा लेखही त्यावरच लिहिला, चौतिसाने.

नवा संगणक त्याने २०२२ साली घेतला, सोळा कोअरांचा. घेतल्या दिवशी दादाला डोंबिवलीला फोन केला. वेग किती, किंमत किती, सगळे उत्साहाने सांगितले. दादाने ऐकून घेतले आणि विचारले, ‘‘खोलीत तापमान किती आहे?’’